लिनक्सची ईएक्सई कुठे मिळते?

रात्री साडेदहाला मामेभावाचा फोन. दुपारीच त्याने जुन्या लॅपटॉपवरचं विंडोज काढून लिनक्स मिंट टाकलं होतं आणि संध्याकाळी त्याचे फोटोही पाठवले होते. आता आवाज जरा उतरलेला होता.

"ताई, व्हीएलसी डाउनलोड केलं. तीनदा डबल क्लिक केलं. उघडता येत नाही म्हणतंय."

"फाइलचं नाव वाच."

"व्हीएलसी, मग आकडे, मग विन ६४ डॉट ईएक्सई."

"अरे, त्यातलं 'विन' म्हणजे विंडोज."

"हां. मग लिनक्सची ईएक्सई कुठे मिळते?"

मला हसू आलं नाही, कारण मीही पहिल्या दिवशी हेच विचारलं होतं आणि उत्तर न मिळाल्यामुळे टार डॉट जीझेड नावाचं काहीतरी उतरवून, उघडून, आतल्या दोन-तीनशे फायलींकडे बघत बसले होते. त्यात प्रोग्राम नव्हताच. त्याचा कच्चा माल होता, म्हणजे सोर्स कोड. सवय अशी असते की सॉफ्टवेअर हवं म्हणजे ब्राउझर उघडायचा, नाव शोधायचं, हिरवं किंवा केशरी डाउनलोडचं बटण दाबायचं, आलेल्या फाइलवर डबल क्लिक करायचं आणि नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. लिनक्सवर यातली पहिलीच पायरी बदलते, आणि ती बदलली नाही तर पुढचं सगळं चुकत जातं.

आधी ती ईएक्सई का चालत नाही ते बघू. लॅपटॉप तोच आहे, प्रोसेसरही तोच, मग अडतं कुठे? विंडोजच्या प्रोग्रामची फाइल एका ठरावीक साच्यात बांधलेली असते. तिचे पहिले दोन बाइट 'एम' आणि 'झेड' ही अक्षरं असतात. डॉसवर काम केलेल्या मार्क झ्बिकोव्स्की या मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्याची ही आद्याक्षरं. आजही प्रत्येक ईएक्सईच्या कपाळावर ती आहेत. लिनक्सचा साचा वेगळा आहे, त्याला एल्फ म्हणतात, आणि त्या फाइलच्या सुरुवातीला खरोखरच ई-एल-एफ लिहिलेलं असतं. पण साचा हा वरवरचा फरक झाला. खिडकी उघड, फाइल वाच, आवाज काढ अशी कामं प्रोग्राम स्वतः करत नाही, तो ती ऑपरेटिंग सिस्टीमला सांगतो. ईएक्सई ती कामं विंडोजला सांगायला शिकलेली असते. लिनक्सवर तिचं ऐकणारंच कोणी नसतं.

शिवाय शेवटच्या तीन अक्षरांना, म्हणजे एक्सटेन्शनला, लिनक्स फारसं महत्त्व देत नाही. बहुतेक प्रोग्रामना ते नसतंच. फाइल चालवायची की नाही हे तिच्यावर 'चालवण्याची परवानगी' अशी खूण आहे का यावरून ठरतं. ही खूण लक्षात ठेवा, पुढे ॲपइमेजपाशी तिचं काम पडेल.

आधी विचारायचं कोणाला

लिनक्स हे खरं तर फक्त कर्नलचं नाव. लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ साली लिहायला घेतलेला गाभा. नुसत्या गाभ्याने घरचा संगणक चालत नाही. त्यावर टर्मिनल, डेस्कटॉप, ब्राउझर, फॉन्ट, प्रिंटरचे ड्रायव्हर असं शेकडो ठिकाणचं सामान बसवावं लागतं. हे सामान गोळा करून, एकमेकांशी जुळवून, एका संचात देणाऱ्या मंडळींना वितरण किंवा डिस्ट्रो म्हणतात. डेबियन हे त्यातलं जुनं आणि मोठं घराणं. इयन मरडॉकने ते १९९३ मध्ये सुरू केलं आणि नावात तेव्हाची मैत्रीण डेब्रा आणि स्वतः अशी दोघांची नावं जोडली. २००४ मध्ये आलेलं उबुंटू डेबियनवर उभं आहे आणि मिंट बहुतांशी उबुंटूवर. म्हणजे डेबियनच्या पोटात केलेलं बरंचसं काम मामेभावाच्या लॅपटॉपपर्यंत झिरपत येतं.

ही मंडळी फक्त सुरुवातीचा संच देऊन थांबत नाहीत. त्यांचं एक मोठं कोठार असतं, त्याला रिपॉझिटरी किंवा बोलीत रेपो म्हणतात. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ च्या कोठारात ६४ हजारांहून जास्त पॅकेजं, म्हणजे बसवायला तयार बांधलेली सॉफ्टवेअरची गाठोडी, होती. व्हीएलसी त्यातलंच एक. व्हीएलसी बनवणाऱ्यांनी सोर्स कोड जाहीर केला. डेबियनच्या माणसांनी तो घेतला, आपल्या आवृत्तीवर चालेल असा बांधला, सही-शिक्का मारून कोठारात ठेवला. तुम्ही व्हीएलसीच्या दारात जायचंच नाही. तुमच्या डिस्ट्रोला सांगायचं, ते आणून देतं.

फोनवर प्ले स्टोअर वापरणाऱ्याला हे लगेच कळायला हवं, पण संगणकासमोर बसलं की जुना हात चालतो. तसं विंडोजलाही २०१२ पासून स्टोअर आहे आणि २०२१ पासून विनगेट नावाची कमांडही. तरी बहुतेक लोक आजही साइटवरून सेटअप उतरवतात. बनावट साइट, दोन-दोन डाउनलोड बटणं, सोबत चिकटून आलेला टूलबार हा सगळा त्रास त्या सवयीतूनच येतो.

पॅकेजच्या पोटात

डेबियन घराण्यातल्या पॅकेजला डेब म्हणतात, रेड हॅट आणि फेडोराच्या घराण्यात आरपीएम. डेब फाइल उघडून पाहिली तर आत तीनच गोष्टी सापडतात: साच्याची आवृत्ती सांगणारी एक चिमुकली फाइल, एक माहितीचं गाठोडं आणि एक मालाचं गाठोडं. माहितीत पॅकेजचं नाव, आवृत्ती, कोणी बांधलं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'मला चालायला आणखी काय काय लागतं' याची यादी असते. मालाच्या गाठोड्यात प्रत्यक्ष फायली असतात आणि प्रत्येकीने कुठे जाऊन बसायचं ते आधीच ठरलेलं असतं.

विंडोजवाल्यांना इथे पहिला धक्का बसतो. 'कुठे इन्स्टॉल करू?' हा प्रश्न कोणी विचारतच नाही. सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह, प्रोग्राम फाइल्स, काही नाही. विंडोजवर साधारणपणे एका सॉफ्टवेअरचं एक फोल्डर असतं, त्यात त्याचा सगळा संसार. लिनक्सवर फायली कामाप्रमाणे वाटल्या जातात. चालणारा प्रोग्राम स्लॅश यूएसआर स्लॅश बिन या फोल्डरमध्ये, चित्रं-चिन्हं-भाषांतरं शेअरमध्ये, सामायिक लायब्रऱ्या (म्हणजे अनेक प्रोग्रामना लागणारा तयार कोड) लिबमध्ये, सगळ्यांसाठीच्या सेटिंग ईटीसीमध्ये. पहिल्यांदा बघताना सामान घरभर पांगल्यासारखं वाटतं. पण पॅकेजं बसवणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रामकडे, म्हणजे पॅकेज मॅनेजरकडे, वही असते, आणि कुठली फाइल कुठल्या पॅकेजची हे त्या वहीत ओळ न् ओळ लिहिलेलं असतं. काढायची वेळ आली की तो वही उघडतो आणि एकेक उचलतो. तुम्ही स्वतः त्या फोल्डरांत जाऊन फायली डिलीट करायला लागलात तर वही आणि वास्तव यांचा मेळ तुटतो. तेवढं करू नका.

'आणखी काय काय लागतं' याला डिपेन्डन्सी म्हणतात, आणि लिनक्सची बरीचशी शान आणि बरीचशी डोकेदुखी तिथून येते. विंडोजचं सॉफ्टवेअर बहुधा आपल्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या सोबतच घेऊन येतं. दहा प्रोग्राम, तर एकाच लायब्ररीच्या दहा प्रती, प्रत्येकाची आवृत्ती निराळी. लिनक्सच्या कोठारातले प्रोग्राम एकच प्रत वाटून वापरतात. याचा फायदा एप्रिल २०१४ मध्ये दिसला. ओपनएसएसएल या लायब्ररीत हार्टब्लीड नावाचं भगदाड सापडलं. पासवर्डसकट सर्व्हरच्या मेमरीतला मजकूर बाहेर गळू शकत होता. ज्यांच्या यंत्रावर सगळे प्रोग्राम डिस्ट्रोची एकच ओपनएसएसएल वापरत होते त्यांनी ते एक पॅकेज बदललं, सेवा परत सुरू केल्या, आणि त्यांच्यापुरतं भगदाड बुजलं. जिथे प्रत्येक सॉफ्टवेअर आपली प्रत पोटात घेऊन बसलं होतं तिथे एकेक विक्रेता कधी अपडेट देतोय याची वाट बघणं आलं.

तोटाही सांगते. एका प्रोग्रामला लायब्ररीची नवी आवृत्ती हवी आणि दुसऱ्याला जुनी, की भांडण. पूर्वी ते निस्तरायचं काम माणसाच्याच अंगावर असे: एक पॅकेज टाकायला जा, ते दुसरं मागे, ते आणा, ते तिसरं मागे. १९९९ च्या डेबियन २.१ मध्ये ॲप्ट हा पॅकेज मॅनेजर आला आणि ही पळापळ यंत्राच्या अंगावर गेली. काय लागतं, ते कुठून आणायचं, कुठल्या क्रमाने बसवायचं, सगळं तोच ठरवतो. फेडोरात हेच काम डीएनएफ करतो, आर्चमध्ये पॅकमन, ओपनसूझेमध्ये झिपर. नावं निराळी, रीत एकच.

प्रत्यक्षात

सगळ्यात सोपा रस्ता टर्मिनलचा नाहीच. मिंटमध्ये मेनूत सॉफ्टवेअर मॅनेजर आहे, उबुंटूत ॲप सेंटर, केडीई नावाचं डेस्कटॉप असलेल्या डिस्ट्रोत डिस्कव्हर. उघडा, नाव टाका, इन्स्टॉल दाबा, पासवर्ड द्या. संपलं. लिनक्स म्हणजे काळ्या पडद्यावर टाइप करणं हा समज आमच्यासारख्या लोकांनीच पसरवलाय, कारण मदत करताना 'आता वर उजवीकडे तीन रेघा दिसतात का' असं विचारण्यापेक्षा एक ओळ लिहून पाठवणं सोपं जातं.

तरीही ती ओळ एकदा नीट समजून घ्या, कारण इंटरनेटवरची निम्मी मदत तिच्यातच लिहिलेली सापडेल. मी कमांड इथे उच्चारतात तशा लिहितेय. टाइप करताना रोमन लिपी आणि सगळी लहान अक्षरं. लिनक्सला मोठं अक्षर आणि लहान अक्षर हे दोन निराळे वाटतात, विंडोजसारखी सवलत नाही.

सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट इन्स्टॉल व्हीएलसी

सुडो म्हणजे 'हे काम मालकाच्या अधिकाराने कर'. विंडोजवर पडदा काळवंडून 'परवानगी देता का' असं विचारणारी चौकट येते ना, तिचा हा लिनक्समधला भाऊ. तो तुमचा पासवर्ड मागतो, आणि बहुतेक ठिकाणी तुम्ही टाइप करत असताना पडद्यावर काहीच उमटत नाही. चांदण्या नाहीत, ठिपके नाहीत. कीबोर्ड बिघडला असं समजून लोक टर्मिनल बंद करतात. तो बिघडलेला नाही. मुकाट्याने टाइप करून एंटर दाबायचं. मिंटने दया करून चांदण्या दाखवायची सोय ठेवली आहे.

ॲप्ट अपडेट या नावाने तर विंडोजवरून आलेला प्रत्येक माणूस फसतो. यात कुठलंही सॉफ्टवेअर अपडेट होत नाही. कोठारात आज काय काय आहे त्याची ताजी यादी फक्त खाली येते. खरोखर नवीन आवृत्त्या बसवायच्या तर ॲप्ट अपग्रेड. आधी यादी, मग माल. नव्या यंत्रावर यादीच शिळी असेल तर ॲप्ट सांगतो की या नावाचं पॅकेज सापडत नाही, आणि आपण नावाचं स्पेलिंग तपासत बसतो.

इन्स्टॉलची ओळ दिली की ॲप्ट लगेच कामाला लागत नाही. तो आधी काय करणार ते वाचून दाखवतो. मामेभावाला मी फोनवरच ते मोठ्याने वाचायला लावलं. त्याने मागितलं होतं एक व्हीएलसी. यादीत निघाले व्हीएलसी-बिन, व्हीएलसी-डेटा, व्हीएलसी-प्लगइन-बेस आणि लिबपासून सुरू होणाऱ्या नावांची रांगच.

"एवढं सगळं? मी तर एकच मागितलं."

"बाकीची त्याची माणसं आहेत. ती आल्याशिवाय तो यायचा नाही."

शेवटी किती एमबी उतरणार, डिस्कवर किती जागा जाणार हे येतं आणि प्रश्न: पुढे जाऊ का? कंसात मोठा वाय आणि लहान एन. मोठं अक्षर म्हणजे गृहीत धरलेलं उत्तर, नुसतं एंटर दाबलं तरी होकार समजतात.

हा एंटर दाबण्याआधी एकच गोष्ट बघा: 'पुढील पॅकेजं काढली जातील' अशी यादी आहे का. २०२१ मध्ये एका प्रसिद्ध टेक यूट्यूबरने पॉप ओएस या डिस्ट्रोवर गेम खेळण्यासाठी स्टीम टाकायला घेतलं. त्या वेळी त्यांच्या रेपोतल्या पॅकेजात गफलत होती, आणि स्टीम बसवायचं तर अख्खं डेस्कटॉप काढावं लागेल असा हिशेब ॲप्टने मांडला. त्याने बजावलं, ही अत्यावश्यक पॅकेजं आहेत, खरंच काढायची असतील तर 'होय, मी सांगतो तसं कर' या अर्थाचं इंग्रजी वाक्य जसंच्या तसं टाइप करा. यूट्यूबरने ते टाइप केलं. डेस्कटॉप गेलं, उरला काळा पडदा, आणि तो व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. त्यानंतर ॲप्ट अशा बाबतीत आणखी कडक झालाय. चूक पॅकेजवाल्यांची होती याबद्दल मला शंका नाही. नवख्याने एक ॲप टाकताना असा पेच येताच कामा नये. पण धोक्याची पाटी पडद्यावर होती, हेही खरं. विंडोजने आपल्याला न वाचता नेक्स्ट दाबायची सवय लावली आहे. इथे पाटी वाचायची असते.

कधीकधी ॲप्ट म्हणतो, कुलूप मिळत नाही. घाबरायचं कारण नाही. वही एकच आहे आणि एका वेळी एकालाच लिहू देतात. बहुधा पार्श्वभूमीवर अपडेटचं काम चालू असतं. पाच-दहा मिनिटं थांबा. कुलपाची फाइलच डिलीट करायचा सल्ला नेटवर जागोजागी मिळतो. दुसरा लिहीत असताना वही हिसकावून घेण्यातला तो प्रकार आहे, आणि फाटलेली वही शिवायला पुढे अख्खी संध्याकाळ जाते.

कोठारात नसेल तर

दोन प्रकारचं सॉफ्टवेअर कोठारात मिळत नाही, किंवा हवं तसं मिळत नाही. पहिलं म्हणजे बंदिस्त सॉफ्टवेअर, ज्याचा सोर्स कोड खुला नाही. गुगल क्रोम डेबियनच्या कोठारात नाही; त्याचा खुला भाऊ क्रोमियम आहे. क्रोमच हवा असेल तर गुगलच्या साइटवरून डेब फाइल घ्यायची आणि तिच्यावर डबल क्लिक करायचं. हो, इथे जुनी सवय कामी येते. फरक एवढाच की ही फाइल बसताना गुगलचा स्वतःचा रेपो तुमच्या यादीत जोडून ठेवते, आणि पुढचे अपडेट बाकीच्यांसोबतच येतात.

दुसरं म्हणजे नवंकोरं सॉफ्टवेअर. डेबियन स्टेबल, म्हणजे त्यांची पक्की शाखा, साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती काढतं, उबुंटूची दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्तीही दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते. मधल्या काळात कोठारातल्या प्रोग्रामच्या आवृत्त्या बहुतांशी गोठवलेल्या असतात. म्हणून इंकस्केप किंवा जिंपची नवी आवृत्ती आल्याचं वाचता आणि तुमच्याकडे मात्र जुनीच दिसते. जुना आकडा म्हणजे असुरक्षित, असं मात्र नाही. सापडलेल्या भोकांची ठिगळं त्या जुन्या आवृत्तीलाच लावली जातात.

नवी आवृत्ती हवीच असेल तर माझी पसंती फ्लॅटपॅकला. हे पॅकेज डिस्ट्रोवर अवलंबून राहत नाही. लागणारा पाया, ज्याला रनटाइम म्हणतात, तो सोबत आणतं, त्यामुळे तेच फ्लॅटपॅक मिंटवरही चालतं आणि फेडोरावरही. त्यांचं मोठं दुकान म्हणजे फ्लॅटहब, आणि मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये ते आधीपासून जोडलेलं असतं. एकाच नावापुढे 'सिस्टीम पॅकेज' आणि 'फ्लॅटपॅक' असे दोन पर्याय दिसतात ते यामुळे. पहिलं फ्लॅटपॅक टाकताना शेकडो एमबी उतरतात आणि माणूस म्हणतो, एवढ्याशा ॲपला इतकं? त्यातला मोठा वाटा पायाचा असतो. पुढची ॲपं तोच पाया वापरतात. फ्लॅटपॅक ॲपला कुंपणात ठेवतं, ठरवून दिलेल्या फोल्डरांपलीकडे त्याला दिसत नाही. सुरक्षेला ते चांगलं, पण 'पेनड्राइव्हवरची फाइल या ॲपला दिसतच नाही' ही तक्रारही त्यातूनच येते. फ्लॅटसील नावाचं छोटं ॲप टाकलं की कुंपणाची दारं हवी तशी उघडता येतात.

उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलचा असाच स्वतःचा प्रकार म्हणजे स्नॅप. त्यावरून लिनक्सवाल्यांत बरीच भांडणं आहेत, मी फार खोलात जात नाही. एक मासला पुरे: उबुंटू २२.०४ पासून टर्मिनलवर ॲप्टला फायरफॉक्स मागितलं तर ॲप्ट मुकाट्याने स्नॅप आणून बसवतो. मागितलं एका दुकानात, माल आला दुसऱ्याच दुकानातून. हे मला पटत नाही. मिंटलाही पटलं नाही, २०२० मध्ये आलेल्या मिंट २० पासून त्यांनी स्नॅपचं दारच आपल्या बाजूने बंद ठेवलंय. हवं त्याने उघडावं.

ॲपइमेज हा त्यातल्या त्यात विंडोजच्या पोर्टेबल ॲपसारखा. एक फाइल, इन्स्टॉल करायची नाही, उतरवली की चालवली. फक्त ती सुरुवातीला डबल क्लिकला दाद देत नाही, कारण तीच मघाची खूण: नेटवरून आलेल्या फाइलला चालवण्याची परवानगी नसते. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, परवानग्या, आणि प्रोग्राम म्हणून चालू देण्याच्या पर्यायावर टिचकी. तरीही उघडली नाही आणि उबुंटू २२.०४ किंवा त्यानंतरचं असेल, तर बऱ्याच ॲपइमेजना लागणारी फ्यूज नावाची जुनी लायब्ररी त्यात आधीपासून नसते. ती वेगळी टाकावी लागते. ॲपइमेजचे अपडेट बहुधा आपल्यालाच बघावे लागतात, म्हणून रोजच्या वापराच्या प्रोग्रामसाठी मी ती टाळते.

सगळ्यात शेवटी उरतात ते नेटवरचे 'ही एक ओळ टर्मिनलमध्ये चिकटवा' छापाचे नुस्खे. कर्लने सुरू होऊन सुडो बॅशने संपणारी ओळ दिसली तर समजा की कुठल्यातरी सर्व्हरवरचा मजकूर न वाचता मालकाच्या अधिकाराने चालवायला सांगितलं जातंय. कधीकधी ती खरोखर त्या सॉफ्टवेअरची अधिकृत रीत असते. पण ती ओळ दुसऱ्याच कोणाच्या लेखातून उचलली असेल तर हात आवरा.

कोठारावर इतका भरवसा का, हा प्रश्न रास्त आहे. एक कारण सही-शिक्क्याचं. कोठाराच्या यादीवर डिस्ट्रोची डिजिटल सही असते, यादीत प्रत्येक पॅकेजचा ठसा असतो, आणि उतरवलेली फाइल त्या ठशाशी जुळली नाही तर ॲप्ट ती बसवत नाही. म्हणूनच जगभरच्या शेकडो सर्व्हरवरून, कोणाच्याही आरशातून म्हणजे मिररवरून, तेच पॅकेज निर्धास्त घेता येतं. दुसरं कारण मधल्या माणसांचं, म्हणजे सोर्स कोड घेऊन पॅकेज बांधणाऱ्यांचं. पण तीही माणसंच. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्याशा लायब्ररीत कोणीतरी दोनेक वर्षं विश्वास कमावून चोरदार बसवल्याचं उघड झालं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला ते सापडलं, कारण त्याचं एसएसएच लॉगिन, म्हणजे दूरच्या यंत्रात शिरणं, अर्धा सेकंद जास्त घेत होतं आणि त्याने ते सोडून दिलं नाही. चोरदार डेबियनच्या चाचणीच्या शाखांपर्यंत पोचलं होतं, स्टेबलपर्यंत नाही. गोठवलेल्या जुन्या आवृत्त्यांबद्दल मी पूर्वी जितकी कुरकुर करायचे, तितकी आता करत नाही.

आणि ती ईएक्सई?

मामेभावाचा पुढचा प्रश्न अपेक्षितच होता. "पण एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजचंच असलं तर?" त्यासाठी वाइन आहे. १९९३ पासून हे काम चालू आहे, पहिली पक्की आवृत्ती यायला २००८ उजाडलं. ईएक्सई जी कामं विंडोजला सांगते ती वाइन ऐकतं आणि लिनक्सच्या भाषेत सांगतं. सुरुवातीला म्हटलं होतं ना, ऐकणारं कोणी नसतं, ते ऐकणारं हे. त्याच पायावर स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये प्रोटॉन आणलं आणि विंडोजचे हजारो गेम लिनक्सवर चालायला लागले. तरी लहान जुनी सॉफ्टवेअर बरी चालतात, मोठी बंदिस्त सॉफ्टवेअर अनेकदा रडवतात. ॲडोबी फोटोशॉप लिनक्ससाठी काढत नाही. तुमची भाकरी त्यावर असेल तर विंडोज शेजारी ठेवा, त्यात लाज कसली. आणि वाइनमधून चाललेली ईएक्सई तुमच्या फायली वाचू-पुसू शकते, तेव्हा चोरटी ईएक्सई इथेही चोरटीच.

काढून टाकण्याबद्दल दोन वाक्यं. ॲप्ट रिमूव्ह प्रोग्राम काढतो पण ईटीसीमधल्या सेटिंग ठेवतो, ॲप्ट पर्ज त्याही काढतो, आणि सोबत आलेली, आता कोणालाच नको असलेली मंडळी ॲप्ट ऑटोरिमूव्ह घरी पाठवतो. तुमच्या होम फोल्डरमधल्या, नावाआधी टिंब असलेल्या लपलेल्या सेटिंगना मात्र यातलं कोणीच हात लावत नाही. तेच सॉफ्टवेअर सहा महिन्यांनी परत टाकलं तर खिडकी पूर्वीच्याच जागी उघडते ती त्यामुळे.

"मग ताई, डाउनलोड्समध्ये ती व्हीएलसीची ईएक्सई पडली आहे, ती ऑटोरिमूव्हने जाईल?"

"नाही रे. ती ॲप्टने आणलेली नाही, त्याच्या वहीत तिचं नाव नाही. तू आणलीस, तूच डिलीट कर."